हजेरीपट

माझं काम बाडं काढून देण्याचं.
पोतोसीच्या या दप्तरखान्यात एकतीस वर्षं
जिना चढतोय, उतरतोय,
आणि चार हजार मीटरवर जिना चढायचा म्हणजे
दर पायरीला देवाचं नाव.

वाचायला येणारे मला चिठ्ठ्यांवरून कळतात.
फर्मीन : मेणबत्त्यांचे भाव. चौदा वर्षं झाली,
त्याचं तिसरं प्रकरण अजून उजळायचंय.
लाइप्झिगची हेडविग : बायकांची मृत्युपत्रं.
कुणी कुणाला किती शाली ठेवल्या ते मोजते
आणि दुपारी अंगणात जाऊन रडून येते.
उंचीमुळे, म्हणते.

नेली वाराची मात्र इथलीच,
वरच्या खाणकामगारांच्या वस्तीतली.
भाऊ अजून डोंगरात उतरतो.
ती घोंगडी घेऊन यायची,
शिष्यवृत्तीत हीटर बसत नाही म्हणून.
पेन्सिल चालते. शाईला इथे बंदी,
तीनशे वर्षांपूर्वीची सोडून.

तिला हवे होते हजेरीपट, सोळाशे अठ्ठ्याऐंशीचे.
सक्तीच्या पाळीवर धरून आणलेली माणसं
सोमवारी डोंगराच्या पायथ्याशी मोजायचे.
जो नसेल त्याच्या नावापुढे एवढंच : नाही.
"आलेल्यांना सगळेच मोजतात," ती म्हणाली,
"मी न आलेले मोजणार."
पोरी, मी म्हटलं, याला पदवी मिळते?

आलोन्सो सिर्पा. नाही. नाही. नाही.
अकरा सोमवार.
बाराव्याला कारकुनाने कंटाळून
त्या जागी एक पक्षी काढलेला,
लांब शेपटीचा, डोळा राहून गेलेला.
नेली मोठ्याने हसली.
वाचनकक्षात हसायला मनाई आहे.
मी तिकडे पाहिलंच नाही.

मग दोन वर्षं माझ्या गुडघ्यांची परीक्षा.
बाप्तिस्म्याच्या वह्या, तुरुंगाच्या याद्या,
खेचरांच्या पावत्या.
कारकून कानाला येईल तसं लिहायचा,
आमचे स्वर त्याच्या कानात मावायचे नाहीत,
इ चा ए व्हायचा, उ चा ओ.
म्हणून सिर्पा, सेर्पा, चिर्पा,
प्रत्येकाला हाक मारून पाहायची.
ताराबुकोकडे कोका विकणारा एक आलोन्सो निघाला,
दोन दिवस ती जेवली नाही आनंदाने.
पण त्याचं वय जमेना.

तिची आई डब्यात उकडलेले बटाटे पाठवायची
आणि तिला न विचारता मला विचारायची,
किती राहिलं?
मी मांडणीवर हात पसरून दाखवायचो : एवढं.
पुढच्या महिन्यातही तेवढंच.

मार्गदर्शकांचं पत्र आलं :
एका माणसावर प्रबंध होत नाही.
आलोन्सो गेला तक्ता क्रमांक सातमध्ये,
अकराशे चाळिसांतला एक.

तोंडी परीक्षेला मी सूक्रेला गेलो, बसने,
टोपी मांडीवर घेऊन मागे बसलो.
तिघांतल्या एकाने विचारलं,
या सिर्पाचं पुढे काय झालं?
"माहीत नाही," नेली म्हणाली,
सुखरूप पोचला म्हणून सांगावं
अशा आवाजात.

आता ती तारिखाला, तीन कॉलेजांत तासावर शिकवते.
परवा पुस्तकाची प्रत आली.
आभारांच्या शेवटच्या ओळीत मी :
एलेउतेरिओ पूमा.
माझं आडनाव पोमा.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
फोन समोरच होता.
केला नाही.

दाखल क्रमांक घातला, पुस्तक वर ठेवलं,
अगदी वर, शिडी लागते तिथे.
कधीतरी येईल कुणी घोंगडी घेऊन,
पूमा शोधेल पगारपत्रकांत, रजेच्या अर्जांत,
आणि माझ्यासारखाच कुणी बिचारा
जिने चढेल त्याच्यापायी.

आज सोमवार.
फर्मीनची चिठ्ठी आलीये.